देसावर : माणसे गाव का सोडतात?

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपल्या समाजाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी विश्वस्त मंडळाने मला आज्ञा केली. मी इतिहासाचा पंडित नव्हे. बी.कॉम.ची पदवी घेतली आणि त्याच वर्षी वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. तथापि एक प्रश्न मला लहानपणापासून छळीत आला आहे. शाळेत मुले मला 'मारवाडी' म्हणत आणि मारवाडातील मूळ गावी गेलो की तेथील मंडळी आम्हांला 'दक्षिणवाले' म्हणत. मग आपण नेमके कोठले? आणि सात-आठशे मैलांवरून येथे येण्याचे आपल्या पूर्वजांना कारण तरी काय पडले? ह्या प्रश्नाचा माग काढताना जे वाचनात आले, वडीलधाऱ्यांकडून ऐकले आणि दुकानात बसून डोळ्यांनी पाहिले, ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

मारवाडी बोलीत 'देसावर' असा एक शब्द आहे. देस म्हणजे आपला मुलूख आणि देसावर म्हणजे कमाईसाठी जायची दूरची भूमी. 'मोठा मुलगा कोठे आहे?' असे विचारले की 'देसावर गेला आहे' एवढे उत्तर पुरे होई. त्यात निंदाही नव्हती आणि फारसे कौतुकही नव्हते. पाऊस पडतो तसा मुलगा देसावर जातो, इतकी ती नित्याची गोष्ट होती.

समाजशास्त्राची पुस्तके स्थलांतराचे अनेक प्रकार सांगतात. देशांतर्गत आणि देशाबाहेरचे, कायमचे आणि हंगामी, राजीखुशीचे आणि सक्तीचे, एकट्याचे आणि एकामागून एक साखळीने होणारे. राव्हेनस्टाईन नावाच्या अभ्यासकाने इंग्लंडची खानेसुमारी तपासून १८८५ साली स्थलांतराचे नियमच मांडले. बहुतेक माणसे जवळच्या जवळ जातात, दूर जाणारे प्रायः व्यापाराच्या व कारखान्यांच्या केंद्रांकडे जातात, आणि जाणाऱ्यांच्या प्रत्येक ओघाबरोबर उलट परतणाऱ्यांचाही एक लहान ओघ असतो, असे त्याचे म्हणणे. पुढे १९६६ मध्ये एव्हरेट ली ह्यांनी गावातून ढकलणारी कारणे आणि परमुलखात ओढून घेणारी कारणे अशी विभागणी करून वाटेतील अडथळ्यांचाही हिशेब मांडला. आम्हा व्यापाऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर ही जमाखर्चाचीच वही आहे. फक्त तिची बेरीज माणसाला आयुष्यभर लागत नाही.

आपल्या धर्मपरंपरेत स्थलांतराची एक अतिप्राचीन कथा आहे. मगधात बारा वर्षांचे दुर्भिक्ष पडणार हे जाणून आचार्य भद्रबाहू आपल्या मुनिसंघासह दक्षिणेस गेले आणि सम्राट चंद्रगुप्तही त्यांच्यासमवेत श्रवणबेळगोळला आला, अशी ती परंपरा. तेथील चंद्रगिरीवर सातव्या शतकाच्या सुमाराचा जो शिलालेख आहे, त्यात ह्या प्रस्थानाची आठवण कोरलेली आहे. काही गेले, काही मागे राहिले. गेलेल्यांचे आचार आणि राहिलेल्यांचे आचार ह्यांत पुढे अंतर पडत गेले. दुष्काळाने नुसती माणसे हलत नाहीत, त्यांच्या रीतीभातीही हलतात, हे आपल्या पूर्वसूरींनी केव्हाच अनुभवले होते.

परंतु मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती मंदसोरची हकीकत, कारण ती आमच्या धंद्याची आहे. लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्या कारागिरांची एक श्रेणी दशपुरास, म्हणजे आजच्या मंदसोरास, येऊन स्थायिक झाली. त्यांनी इ.स. ४३६ च्या सुमारास तेथे सूर्याचे देऊळ बांधले. पुढे ते मोडकळीस आल्यावर ४७३ मध्ये त्याच श्रेणीने जीर्णोद्धार केला आणि वत्सभट्टी नावाच्या कवीकडून सारा वृत्तांत शिळेवर कोरविला. त्या लेखात आहे की, नव्या गावी आल्यावर काही विणकर आपला पिढीजात धंदा करीत राहिले, तर काहींनी धनुर्विद्या, ज्योतिष, कथाकथन असे निराळेच मार्ग धरले. पंधराशे वर्षांपूर्वीच्या ह्या लेखात मला आपली संपूर्ण आळी दिसते. कोणी गादीवर राहिला, कोणी डॉक्टर झाला, कोणी बँकेत गेला, आणि सर्वांनी मिळून वर्गणी काढून एक वास्तू उभारली. परक्या गावी पाय रोवल्याची खूण म्हणून माणसे एकत्र येऊन काहीतरी बांधतात. आपली संस्था १९७५ मध्ये, भगवान महावीरांच्या पंचवीसशेव्या निर्वाण महोत्सवाच्या वातावरणात स्थापन झाली, तिच्यामागेही हीच प्रेरणा असली पाहिजे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रातील सर्वच जैन बाहेरून आलेले नाहीत. वेरूळच्या जैन लेणी हजार-अकराशे वर्षांच्या आहेत. मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईच्या डोंगरात आपली लेणी आहेत. कोल्हापूर-सांगलीकडील दिगंबर जैन बांधव पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे शेतकरी आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील त्यांच्यातलेच. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात जैन सुमारे साडेचव्वेचाळीस लाख आणि त्यांपैकी चौदा लाख एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. ह्या चौदा लाखांत मुळापासूनचे, गुजरात-कच्छमधून आलेले आणि आपल्यासारखे मारवाडातून आलेले, असे सर्वच आले. पुढील हकीकत ह्यांतील शेवटच्यांची आहे.

मारवाडातून आपण का निघालो? पाऊस कमी, विहिरींचे पाणी खोल आणि पुष्कळ ठिकाणी खारे, जमीन जहागीरदारांची. हे तर पूर्वापार होतेच, तरी शतकानुशतके तेथे व्यापारी नांदत होते, कारण गुजरातच्या बंदरांकडून उत्तरेकडे जाणारे तांडे मारवाडातून जात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाली ही केवढी मोठी पेठ होती! पुढे माल आगबोटीने आणि आगगाडीने फिरू लागला आणि तांड्यांचे मार्ग ओस पडले. ज्या रस्त्यावर दुकान थाटले तो रस्ताच गिऱ्हाइकाने सोडला, तर दुकानदाराने काय करावे? त्याने गिऱ्हाईक जाईल तिकडे जावे. हे धंद्याचे साधे व्याकरण आहे.

गिऱ्हाईक दख्खनेत होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुढे इंग्रजांनी रयतवारी पद्धत आणली. सारा ठरल्या वेळी आणि रोख रकमेत भरणे आले. पीक पेठेत विकून पैसा हाती येण्याआधीच हप्त्याची तारीख येई आणि शेतकऱ्याला रोकड हवी असे. ती ज्याच्याजवळ असेल त्याचे ओट्यावर स्वागतच होते. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेना आणि वऱ्हाड-खानदेशापासून नगरपर्यंत कापसाला सोन्याचा भाव आला. दरम्यान रेल्वे घाट चढून वर आली होती. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, एका बाजूस मुंबईशी व दुसऱ्या बाजूस सोलापूरशी जोडला गेला. तिकडे राजपुतान्याचा लोहमार्गही अहमदाबादपर्यंत येऊन मिळाला. आमच्या आळीतील जुनी माणसे सांगत की त्यांचे आजे-पणजे उंटावरून आणि पायी, माळव्यातून खानदेशात उतरत आले. रेल्वेने महिन्यांचा प्रवास दिवसांवर आणला.

माझे पणजोबा आले ते छपनियात. विक्रम संवत १९५६, म्हणजे इ.स. १८९९-१९००, हे साल राजस्थानात आजही केवळ 'छपनिया' म्हणून ओळखले जाते. त्या दुष्काळात मारवाडातील गुरे तर गेलीच, माणसेही किती गेली ह्याची गणती नाही. पणजोबा वीस वर्षांचे होते. लोटा, दोर आणि एक गोधडी एवढे घेऊन ते निघाले, ही गोष्ट आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली जाई की लहानपणी मला ती खोटी वाटे. प्रत्येक मारवाड्याचा पूर्वज लोटा-दोर घेऊनच कसा येतो? पुढे उमगले की विहिरीवर परक्याच्या भांड्याला हात न लावता पाणी पिता यावे, म्हणून ती प्रवासाची खरीच गरज होती.

पण ते उगाच दिशाहीन निघाले नव्हते, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांच्या मामांच्या गावचे एक गृहस्थ येथे आधीच दुकान मांडून होते. त्यांच्याकडे पणजोबा वाणोतर म्हणून राहिले. दोन वेळचे जेवण, निजायला दुकान आणि वर्षाअखेर ठरलेली रक्कम. आठ-दहा वर्षांनी शेठजींनीच उधारीवर माल देऊन जवळच्या खेड्यात त्यांना स्वतंत्र दुकान काढून दिले. मग पणजोबांनी धाकट्या भावाला बोलावले, भावाने मेव्हण्याला. अभ्यासक ह्यास साखळी स्थलांतर म्हणतात. मी त्यास पत म्हणतो. भांडवल नसलेल्या मुलाला पहिला गठ्ठा उधार देणारा कोणी असणे, हेच आपल्या समाजाचे खरे भांडवल होते. मोठ्या शहरांत अशा एकट्या पुरुषांसाठी 'बासा' असे, म्हणजे सामायिक खर्चाने चालणारे भोजनगृह. शुद्ध शाकाहारी जेवण आणि गावाकडची बातमी, दोन्ही तेथे मिळे.

पणजोबांची एक वही अद्याप माझ्यापाशी आहे. ती मुडिया लिपीत आहे, म्हणजे काना-मात्रा नसलेली. ह्या लिपीचा एक विनोद आपणां सर्वांस ठाऊक असेल. 'काकाजी अजमेर गया' असे पत्र आले आणि वाचणाऱ्याने 'काकाजी आज मर गया' असे वाचून घरात रडारड केली! आजोबांच्या वह्या अर्ध्या मुडियात, अर्ध्या देवनागरीत आहेत. वडिलांच्या वह्या पूर्ण मराठीत. माझा हिशेब २०१७ पासून जी.एस.टी.मुळे संगणकात गेला आणि तो इंग्रजीत आहे. चार पिढ्यांत आपण किती चाललो, हे मला ह्या चार प्रकारच्या वह्यांइतके कोणी स्पष्ट सांगितलेले नाही.

आता एका अप्रिय विषयाकडे वळतो. स्मरणिकेत हे कशाला, असे काही वडीलधाऱ्यांस वाटेल, त्यांची आधीच क्षमा मागतो. पण इतिहास म्हणून लिहायचे आणि फक्त दानशूरांच्या याद्या द्यायच्या, हे मला प्रशस्त वाटत नाही.

अमेरिकेतील युद्ध १८६५ मध्ये संपले आणि कापसाचे भाव कोसळले. शेतकऱ्याचे कर्ज मात्र चढत्या भावाच्या काळात काढलेले होते. सारावाढही त्याच सुमारास झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरला होता. हेतू चांगला, की व्याज फार साचू नये. घडले उलटे. दर तीन वर्षांनी मुद्दल अधिक व्याज मिळून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. मी कागदावर मांडून पाहिले. समजा शंभर रुपये दरसाल दरशेकडा २५ ने दिले. तीन वर्षांनी रोखा १७५ रुपयांचा. सहा वर्षांनी तो ३०६ रुपये ४ आणे. नऊ वर्षांनी ५३५ रुपये १५ आणे. शेतकऱ्याने मध्यंतरी एक पैही नवी उचललेली नाही! हिशेबात चूक नाही, आकडा कायदेशीर आहे, आणि तरीही कोणताही सरळ माणूस म्हणेल की हे बरोबर नव्हे.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी एका मारवाडी सावकाराने तेथील देशमुखाविरुद्ध घराचा ताबा घेण्याचा हुकूमनामा आणला. गावाने बहिष्कार घातला. दुकानातून कोणी माल घेईना, न्हावी हजामत करीना, परीट कपडे धुवीना, पाणक्या पाणी भरीना. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत त्याचे लोण पोहोचले. लोकांनी वह्या आणि रोखे मागून घेतले व त्यांच्या होळ्या केल्या. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्यामानाने थोडेच झाले. रोख कागदांवर होता. नेमलेल्या आयोगाने सारे तपासले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा आला. त्यान्वये रोख्यावरील आकडा तसाच न मानता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला.

सुप्याच्या घटनेस २०२५ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी आपल्या संस्थेस पन्नास. हा केवळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही. त्या दंग्यात कोणाची बाजू घ्यावी? सावकार एकटाच दोषी होता असे मी मानत नाही. रोखीचा सारा, मुदतीचा कायदा, लंडन-लिव्हरपूलचा भाव, हे सर्व त्याच्या ओट्यामागे उभे होते, आणि शेतकऱ्याला दिसत होता तो फक्त ओटा. परंतु परमुलखातून आलेल्या माणसाचे मन पुष्कळदा मागे, गावाकडे असते. चार पैसे करून परत जायचे आहे, अशा भावनेने राहणाऱ्यास शेजाऱ्याच्या डोळ्यांतील राग दिसत नाही. आपले काही पूर्वज तसे वागले असतील. ज्यांनी येथेच घर बांधले, विहीर खोदली, मुलांना मराठी शाळेत घातले, त्यांना तो राग दिसू लागला आणि त्यांचे वागणेही पालटले. मारवाडातून आलेल्या अशाच घरांच्या परंपरेत, पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी ह्या खेड्यात, १९०० साली एक बालक जन्मले आणि पुढे आचार्य आनंदऋषीजी म्हणून सर्व देशाला वंदनीय झाले. मराठी ही त्यांच्या गावची भाषा होती.

स्त्रियांचे स्थलांतर कोणी लिहून ठेवीत नाही. २०११ च्या जनगणनेत जन्मगावाबाहेर किंवा आधीच्या राहत्या गावाबाहेर असलेल्यांची संख्या सुमारे ४५ कोटी भरली, आणि त्यांत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. बहुतेकींचे कारण एकच, विवाह. म्हणजे ह्या देशातील सर्वांत मोठे स्थलांतर मांडवातून निघते आणि त्याची बातमी होत नाही. पूर्वी आपल्याकडील पुरुष पाच-पाच, दहा-दहा वर्षे देसावर राहत आणि बायका मारवाडात वाट पाहत. पुढे त्यांनाही येथे आणले जाऊ लागले. माझी आजी चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली, तेव्हा तिला मराठीचा एक शब्दही येत नव्हता. सारे आयुष्य घुंघटात. तिने मराठी शिकली ती दारावर येणाऱ्या भाजीवालीकडून, त्यामुळे तिच्या मराठीत वांग्या-दोडक्यांचे भाव आणि अस्सल गावरान शिव्या दोन्ही होते! तिला येथे आपले वाटलेले पहिले काही म्हणजे बाजरी. मारवाडचा सोगरा आणि नगरची भाकरी ह्यांत हाताचा फरक आहे, धान्याचा नाही. कैर-सांगरी मात्र गावाकडून कोणी आले की येई, आणि ती डब्यातून मोजून काढली जाई. आजी १९९१ मध्ये गेली. सत्तर वर्षे येथे राहूनही ती 'घर' हा शब्द मारवाडातल्या घरासाठीच वापरी.

व्यापाऱ्याचे दुकान ही स्थलांतर पाहण्याची उत्तम जागा आहे, असे मी अनुभवाने सांगतो. फाळणीनंतर सिंधी बांधव आले. कल्याण कॅम्पचे पुढे उल्हासनगर झाले, आणि तेथील माणसे खांद्यावर कापडाचे गठ्ठे टाकून गावोगाव फिरू लागली. वडील सांगत की, आरंभी आमच्या पेठेतील व्यापारी त्यांच्यावर रुष्ट होते, कमी नफ्यावर विकतात म्हणून. अगदी हेच गाऱ्हाणे पन्नास वर्षांपूर्वी येथल्या जुन्या दुकानदारांनी आमच्याविषयी केले असणार. फाळणीत दोन्ही बाजूंनी मिळून सव्वा-दीड कोटी माणसे उखडली गेली. पंजाबातील गुजरांवाला येथे आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींचा त्या वर्षी चातुर्मास होता. तेथील सर्व जैन बांधव सुरक्षित निघाल्याखेरीज आपण निघणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि अखेर संघासह ते अमृतसरला पोहोचले. एरवी साधूचा विहार हा स्वेच्छेचा. तो सक्तीचा होतो तेव्हा कसा असतो, हे त्या वर्षी दिसले.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. खडी फोडायला गेलेली माणसे, लाल मिलो, सुकडी, आणि दुकानात महिनोन्‌महिने न हललेले लुगड्यांचे ताके हे सर्व स्पष्ट आठवते. त्या वर्षी मुंबईस गेलेल्यांपैकी बरेच परत आलेच नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये तिकडे युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम काढला. जामनगर भागातील हालारी ओसवाल बांधव दुष्काळाला कंटाळून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेत जात होते. त्यांच्यासह तेथील सर्वच गुजराती व्यापाऱ्यांच्या मनात ह्या हुकुमाने धास्ती बसली. माझ्या वडिलांनी वर्तमानपत्र घडी घालून ठेवले आणि त्या दिवशी उधारीच्या एकाही गिऱ्हाइकाला तगादा लावला नाही, हे मी पाहिले आहे. ते काही बोलले नाहीत.

जायकवाडीचे पाणी अडले तेव्हा शेवगाव-नेवासे भागातील धरणग्रस्त नव्या गावठाणात गेले. देशाच्या कामासाठी उठावे लागलेली ही माणसे दुष्काळग्रस्तांहून निराळी दिसत. त्यांच्या हाती मोबदल्याचा पैसा असे, आणि तरीही खरेदीत मन नसे. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांस कायमचे गाव गाठावे लागले. राव्हेनस्टाईनने सांगितलेला उलटा ओघ तो हाच. मात्र त्यात राजीखुशी नव्हती.

आणि ऊसतोडणी. बीड जिल्ह्यातून, आपल्याकडे पाथर्डी-शेवगावातून, दिवाळीच्या सुमारास काही लाख माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली की कुटुंबाची खरेदी होते, त्यामुळे आमच्या धंद्याचा तो मोठा हंगाम. चाळीस वर्षे मी त्या खरेदीवर दिवाळी साजरी केली. मुलांचे कपडे नेहमी एक माप मोठे घेतात, कारण परत येईतो मूल वाढलेले असते. उचल म्हणजे आधी घेतलेले कर्ज आणि अंग मोडून फेड, हे मला ठाऊक आहे. १८७५ च्या रोख्याशी त्याचे नाते आहे हेही कळते. तरी मी दुकान उघडे ठेवतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महामार्गावरून माणसे चालत निघाली. आपल्या संस्थेने त्या वेळी दीड महिना अन्नछत्र चालविले. उत्तर प्रदेश, बिहारकडील तरुण, पाठीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली. माझ्या मनात एकच आले, की लोट्याची जागा बाटलीने घेतली. ८ मे रोजी करमाडजवळ जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशचे सोळा कामगार मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे. ह्यानंतरही आपल्याच पेठेत कोणी 'हे बाहेरचे लोक' असे बोलतो, तेव्हा मला पणजोबांची वही त्याच्यापुढे ठेवावीशी वाटते.

आता आपले घर. संस्थेच्या स्थापनेच्या वेळी आपल्या आळीत ८० घरे होती. आज दारे उघडी असतात ती ३१ घरांची. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत. माझा थोरला पुण्यास संगणक कंपनीत आहे, धाकटी कन्या कॅनडात. दुकानाला पुढे कोणी नाही. पाठशाळेत एके काळी दोन वर्ग भरत, गेल्या वर्षी सात मुले होती. चातुर्मासासाठी विनंती करायची तर गोचरीला पुरेशी घरे आहेत का, हे आधी मोजावे लागते. गेल्या सभेत जुनी धर्मशाळा विकून पुण्यात जागा घेण्याची सूचना आली. 'माणसे तेथे आहेत तर वास्तू तेथे हवी' हा तरुणांचा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि मी स्वतः आयुष्यभर गिऱ्हाईक जाईल तिकडे जाण्याचे तत्त्व सांगत आलो. तरीही मी त्या सूचनेच्या विरुद्ध मत दिले. कारण विचारले तेव्हा मला हिशेबात बसणारे उत्तर देता आले नाही.

२०१८ मध्ये मी नागौरकडील आमच्या मूळ गावी कुलदेवीच्या दर्शनास गेलो होतो. महाजनांच्या आळीत एकोणीस हवेल्या मोजल्या, त्यांपैकी सतरांना कुलपे. कोणी कोलकात्यास, कोणी चेन्नईस, कोणी आमच्यासारखे दख्खनेत. आमच्या घराची किल्ली मंदिराच्या पुजाऱ्यापाशी असते. त्याने कुलपात तेल सोडले, दार लोटले. आत एका कोनाड्यात घडवंची आणि पाण्याचा माठ तसाच होता. वरच्या माळ्यावर कबुतरे. त्याने विचारले, 'शेठजी, विजेचे मीटर चालू ठेवू की काढून टाकू? महिन्याला स्थिर आकार पडतो.' मी चालू ठेवायला सांगितले. आता दर दिवाळीला त्याचा दूरध्वनी येतो, रक्कम सांगतो, मी पाठवितो. मागल्या वेळी त्याने मुलाचे बोलणे माझ्याशी करून दिले. तो मुलगा पुण्याजवळ चाकणला एका कारखान्यात लागला आहे आणि खोली मिळेपर्यंत कोठे राहावे, हे विचारीत होता. मी त्यास माझ्या थोरल्याचा पत्ता दिला.